सलमासाठी पत्र

जुरोंग ईस्टच्या कॉन्डोत त्या संध्याकाळी आम्ही सहा जण जमलो: चौघं या परक्या देशात पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी; दोघी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. सगळे एकाच परदेशी शिष्यवृत्तीचे माजी विद्यार्थी आणि ऑफिसमधून थेट आलेले. आमच्या बॅचची सलमा कैरोत मतदारांच्या हक्कांसाठी काम करायची. तिला अटक झाली होती. ती कोण आहे, काय काम करते, एवढं सांगणारं पत्र तिच्या भावाला न्यायालयात द्यायचं होतं.

मी मसुदा वाचला. बँकेतले विश्वासदादा डोळे चोळत म्हणाले, "‘अटक’ काढ."

"का? झालीच आहे ना?"

"इरा, अगं ‘अडचण’ लिही. अर्थ तोच."

"तिच्या संस्थेचं नावही नको गं," प्रणिता म्हणाली. "माझा पास रिन्यू व्हायचाय."

"मग सलमाचं तरी ठेवायचं ना?" मी वैतागून विचारलं.

विश्वासदादांनी खरंच विचार केला. "आडनाव काढू. बाकी राहू दे."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या, मी पत्र सलमाच्या भावाला फॅक्स केलं.

आठवड्याने भावाचा ईमेल आला. ही कोणती सलमा, असं न्यायाधीशांनी विचारलं होतं. पत्र दाखल झालं नाही. कोठडी पंचेचाळीस दिवसांनी वाढली.