मनाची डॉक्टरीण

बाळीवेशीत शिवम्माच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. भुसार मालाच्या दुकानात गादीवर नवरा बसायचा, तिप्पण्णा, पण तुरीचा भाव सांगण्याआधी तोही एकदा आतल्या दाराकडे बघून घ्यायचा. शिवम्मा आतून खाकरली की भाव ठरला. अशा बाईची सून बोलेनाशी झाली आणि तिला बोलतं करायला शिवम्मा सोलापुरात दवाखान्यांचे उंबरे झिजवू लागली, तेव्हा बाळीवेशीने तोंडात बोट घातलं.

सून म्हणजे दाक्षायणी. अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या एका खेड्यातली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायला जीभ वळायची नाही. ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘बसा की’ एवढ्यावर ती येणाऱ्याजाणाऱ्याची बोळवण करायची, बाकी सगळा कारभार कानडीत. घरात निम्मं कानडीच चालायचं, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. पोरगी कामाला चपळ आणि हसायला त्याहून. शेंगाची चटणी कुटताना ती गाणी म्हणायची, आणि शिवम्मा वरवर ओरडायची, “अगं, चटणीत थुंकी पडंल की!” पण गाणं थांबलं की हीच बाई आतून विचारायची, “का गं, गप्प का झालीस?”

दाक्षायणीला आई नव्हती. म्हणून रीत मोडून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. “मी हाय की तिची आई,” असं शिवम्माने चारचौघांत सांगितलं, आणि ते तिच्या मनापासूनचं होतं. पुढे जे झालं ते या एका वाक्यामुळेच झालं, असं म्हटलं तरी चालेल.

बाळ दिवस भरायच्या आत आलं. पहाटेची वेळ. दाक्षायणी तापाने फणफणलेली, शुद्धीत येत होती, जात होती. सुईण काशम्माने बाळ हातात घेतलं, बघितलं आणि मान हलवली. बाळ रडलं, एकदाच, मांजराच्या पिलासारखं बारीक. काशम्मा हळूच म्हणाली, “दिवस वर येईस्तोवर सुदिक टिकायचं न्हाई. आईच्या छातीला लावू नका. एकदा पाजलं की ही पोर त्याच्यामागं जाईल.”

शिवम्माला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची दोन अशीच गेली होती, पाजून, अंगावर खेळवून. त्या दुःखातून ती उठली होती, पण कशी उठली ते तिलाच ठाऊक. तिने बाळ लुगड्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात नेलं. अय्यांना, म्हणजे मठातल्या जंगमांना, बोलावून घाईघाईने बाळाच्या गळ्यात लिंग बांधून घेतलं, कारण जिवंत जन्मलेल्या लेकराला तसंच मातीत द्यायचं नसतं. चुलीपाशी बसून तिने ते मांडीवर धरलं. उजाडलं तेव्हा बाळ गेलं होतं.

दाक्षायणीला सांगितलं, मेलेलंच जन्मलं. काशम्मानेही तेच सांगितलं, तिप्पण्णानेही. मुलगा शिवशरण तर आईचा शब्द खाली पडू देणारा नव्हताच.

दाक्षायणीने ताप उतरल्यावर पहिल्यांदा सासूला विचारलं, “अत्ती, रडल्याचा आवाज आला होता ना?”

“तापात भास झाला तुला.”

मग तिने नवऱ्याला विचारलं. मग काशम्माला. मग शेजारणींना, एकेकीला, आडून आडून. सगळ्यांनी मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकच उत्तर दिलं. आणि एक दिवस तिने विचारणं सोडलं. त्याच्याबरोबर बाकीचं बोलणंही सोडलं. भाकरी थापायची, भांडी घासायची, हाक मारली की यायची. पण तोंडातून शब्द नाही. चटणी कुटताना नुसता मुसळाचा आवाज.

हे कशाने झालं ते शिवम्माला कळत नव्हतं असं नाही. तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. दुखणं आहे म्हटल्यावर औषध असणार, आणि औषध आहे म्हटल्यावर ते विकत मिळणार, असा दुकानदारिणीचा हिशेब तिने मनाशी घातला आणि ती कामाला लागली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चांगलं विचारलं, पण परका पुरुष समोर बघून दाक्षायणीने पदर असा ओढला की तिची हनुवटीसुद्धा दिसेना. डॉक्टर म्हणाले, “एखादी लेडी डॉक्टर बघा.” आता सोलापुरात लेडी डॉक्टर कमी नव्हत्या, पण बाईमाणसाचं दुखणं ओटीपोटाच्या वर असू शकतं हे त्यांच्यापैकी कुणाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पहिलीने पोट दाबून पाहिलं आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. दुसरीने पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, “परत दिवस गेले की बोलायला लागेल.” शिवम्मा तिच्या तोंडावर म्हणाली, “त्यासाठी आधी नवऱ्याशी बोलाय नको व्हय?”

दोघी अक्कलकोटला जाऊन मठात बसून आल्या. कुणी लिंबू उतरवणाऱ्याला धाडलं, त्याला शिवम्माने दुकानाच्या पायरीवरूनच परतवून लावलं.

इकडे दुसरंच शिजत होतं. तिप्पण्णाचा थोरला भाऊ कल्लप्पा दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन चहाला यायचा आणि चहा पिऊन झाला की तेच काढायचा. “वेडी सून किती दिस सांभाळणार? माहेरी पोचवा. शिवशरणला दुसरी बघू. माझ्या नजरंत हाय एक.” तिप्पण्णा बशीत बघत राहायचा. दाक्षायणी दारापलीकडे ताट पुसत असायची. तिला मराठी सगळं कळायचं.

“दिवाळीपतूर थांबा,” शिवम्माने सांगून टाकलं. “तंवर बोलली न्हाई, तर तुमी म्हनाल तसं.” बोलून गेली खरी, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

शेवटी पत्ता दिला मुक्ताबाईने. मागच्या खोलीतली ही भाडेकरीण एका धर्मादाय दवाखान्यात आया होती. ती म्हणाली, “पुण्यास्नं एक बाई येत्यात आमच्याकडं. मनाच्या डॉक्टरीण. सुई न्हाई, बाटली न्हाई. नुसत्या बोलत बसत्यात.”

“नुसतं बोलायचं? त्याला पुण्यास्नं यायला कशाला लागतंय?”

“बोलत्यात कमी, ऐकत्यात जास्ती.”

“मग त्याला तर आनकीच कशाला लागतंय,” शिवम्मा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे न्यायला ती दाक्षायणीची वेणी घालत होती. बाई होती, मनाची होती, सोलापुरातच होती. एवढी पायपीट करून जे सापडत नव्हतं ते मागच्या खोलीत इतके दिवस भांडी घासत होतं!

दवाखान्यातली खोली लहान होती. टेबल, पंखा, तीन खुर्च्या. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सुती पातळातल्या, चष्मेवाल्या. दाक्षायणीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पदर कपाळापर्यंत मागे गेला. शिवम्माने ते टिपलं. अर्धी लढाई जिंकल्यासारखं तिला झालं.

“नाव काय तुझं?”

“दाक्षायणी,” शिवम्मा म्हणाली.

“झोप लागते का?”

“न्हाई लागत,” शिवम्मा म्हणाली.

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“बसली असती की. पर तिला मराठी बोलाय येत न्हाई. आनि तुमाला कानडी?”

डॉक्टरीणबाईंना कानडी येत नव्हतं. त्यांनी एक सुस्कारा टाकला. “बरं, बसा. पण ती जे बोलेल तेवढंच मला सांगा. आपलं काही घालू नका, तिचं काही गाळू नका.”

“घालतीय कशाला?”

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली, दाक्षायणीच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन गप्प राहिल्या. शिवम्माला वाटलं, एवढ्यासाठी रिक्षा केली का आपण. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं पोर किरकिरत होतं. शिवम्मा काहीतरी बोलणार, तेवढ्यात दाक्षायणीचे ओठ हलले.

आवाज बसलेला होता, वापरात नसलेल्या दारासारखा. पण आवाज होता! शिवम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो आवाज. आनंदात पहिली दोन वाक्यं तिला नीट ऐकूच आली नाहीत.

दाक्षायणी कानडीत म्हणत होती, “माझं लेकरू रडलं होतं. मी ऐकलं. सगळे म्हणतात, रडलंच नाही. घरातली सगळी चांगली माणसं आहेत, खोटं कशाला बोलतील? म्हणजे माझंच डोकं फिरलंय. अत्ती, ह्या शिकलेल्या बाई आहेत, ह्यांना विचारा. मला वेड लागलंय का?”

डॉक्टरीणबाई शिवम्माकडे बघत होत्या.

आता सांगायचं काय? खरं सांगावं तर आपण या पोरीशी काय केलं ते परक्या बाईपुढे, आणि तिच्याही पुढे, उघडं पडणार. सून तोंड बघायची नाही पुन्हा. मुलगा काय म्हणेल? आयुष्यभर भाव ठरवणाऱ्या बाईला तेवढ्या वेळात एकच भाव सुचला, आणि तो खोटा होता.

“ती म्हनतीया,” शिवम्मा म्हणाली, “लेकरू रडल्याचा आवाज येतोय कानात. सारखा. मेलेलंच आलतं हो ते. पर हिला ऐकू येतंय.”

“अजूनही येतो आवाज?”

“व्हय. रोज.”

हे शिवम्माने दाक्षायणीला विचारलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी दाक्षायणीकडे वळून सावकाश मराठीत विचारलं, “खरं आहे का गं हे? तुला कळतंय ना मी काय म्हणते?”

दाक्षायणीला सगळं कळलं होतं. तिने सासूकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर शिवम्माने तो पेलला असता. आपल्या आईच्या जागी असलेल्या बाईने सांगितलं म्हणजे तेच खरं असणार, अशी ती नजर होती.

“व्हय,” दाक्षायणी म्हणाली.

“मग इथं भागायचं नाही, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुण्याला मोठ्या इस्पितळात ठेवावं लागेल काही महिने. घाबरू नका. मी चिठ्ठी देते.” त्यांनी कागद पुढे ओढला.

दाक्षायणी उठली. पदर नीट केला, आणि कानडीत सासूला विचारलं, “लुगडी किती घेऊ बरोबर?”

अगदी तशीच, जत्रेला जायच्या आदल्या दिवशी विचारायची तशी. शिवम्माला ते सोसलं नाही. ती टेबलावर ओणवी झाली आणि तिने डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात धरला.

“लिवू नका बाई. लिवू नका. रडलं हुतं लेकरू. म्या खोटं बोलली. तितंबी आनि हितंबी. हिच्या कानात काय न्हाई. हिचं डोस्कं चांगलं हाय. रडलं हुतं ते.”

दाक्षायणी उभी होती तिथेच खाली बसली, खुर्ची सोडून फरशीवर. शिवम्माही तिच्यासमोर बसली आणि कानडीत सगळं सांगत सुटली: पहाट, काशम्मा, चूल, लिंग. पोरगी होती. कपाळ शिवशरणचं, ओठ तुझे. उजाडेपर्यंत होती. तू मागे जाशील म्हणून दिली नाही गं. मला तू हवी होतीस.

दाक्षायणीने सगळं ऐकून घेतलं. तिने मुलीचं रूप विचारलं नाही, कुठे पुरली ते विचारलं नाही. तिने फक्त एकच प्रश्न विचारला. मग शिवम्माने उत्तर दिलं, तेही कानडीतच, आणि दाक्षायणीने दोन्ही हात छातीशी आवळून असा हंबरडा फोडला की बाहेरच्या बाकावरच्या बाया उठून दाराशी आल्या. शिवम्माने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. दाक्षायणीने तो झिडकारला.

“काय विचारलं तिने?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिवम्माने या वेळी काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

“इचारतीया, लेकराला भूक लागली हुती का.”

“आणि?”

“लागली हुती,” शिवम्मा म्हणाली. “माजं बोट चोखत हुती.”