उघडं खोड

शियांगबाईंनी सुरीचं टोक खोडात रुतवलं आणि झाडाभोवती फिरत छातीच्या उंचीवर एक गोल चीर दिली. गुडघ्याशी दुसरी. मग वरून खाली एक उभी रेघ. सकाळ ओलसर, ढगाळ होती. दूचोंगच्या औषधी झाडाची साल अशाच दिवशी सोडवायची. ऊन असलं की आतलं खोड करपतं.

"धर गं," त्या सुनेला म्हणाल्या. "कडेनं. खोडाला बोट लागलं तर छाटून टाकीन."

"लग्न झाल्यापासून छाटताय," लानहुआ म्हणाली. "सगळी शाबूत आहेत."

साल अंगरख्यासारखी उलगडून आली. आतलं खोड पांढरं, ओलं, नुकत्याच न्हालेल्या बाळासारखं. त्या ओलाव्यातूनच नवी साल धरते. हात लागेल तेवढी जागा काळी पडते. चहूबाजूंनी लागला तर झाडच जातं.

"सगळ्या तालुक्याच्या कंबरेचं औषध तुमच्या रानात, आणि तुम्ही कंबर धरून चालता. एक तुकडा उकळून प्या की!"

"तुझ्या नव्या सासूला पाज."

दोघी हसल्या, आणि हसू मध्येच राहिलं. खाली रस्त्यावर चोउचा टेम्पो उभा होता. लानहुआची ट्रंक आणि शिलाई मशीन सकाळीच त्यात चढली होती. शियांगबाईंचा मुलगा शेन्झेनला इमारतीच्या परांचीवरून पडून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. लानहुआसाठी चोउचं स्थळ शियांगबाईंनीच शोधलं. तरणीताठी पोर माझ्या चुलीपाशी किती दिवस बसवून ठेवू, असं त्या गावाला सांगत. घरी मात्र पंधरवडाभर भांडी आपटत होत्या.

"हे झाड ह्यांनी लावलेलं ना?"

"हो, शाळेत नाव घातलं त्या वर्षी. गाढवाला सरळ खड्डा खणता येईना. बघ कसं तिरपं वाढलंय."

अंत्यविधीला लानहुआच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावानं तिला दगड म्हटलं होतं. आता तिनं हातातली साल हळूच खाली ठेवली आणि त्या उघड्या खोडाला मिठी मारली. तळवे, गाल, छाती, सगळं टेकवून ती ओरडून रडू लागली.

शियांगबाईंचा हात झटकन पुढे गेला. तसाच थांबला. मग त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"रड," त्या म्हणाल्या. "रडून घे."

बऱ्याच वेळानं लानहुआ भानावर आली आणि चटका बसल्यासारखी मागे सरली.

"आई, हे काय करून बसले मी! मरेल ना आता?"

"कशानं मरतंय? ती भीती नव्या सुनांना घालायला असते. वर्षभरात साल धरेल. नव्या वर्षाला माहेरी आल्यासारखी ये, दाखवीन."

"खरंच?"

"या वयात खोटं बोलू होय? जा आता. हॉर्न वाजवून वाजवून दमला बिचारा."

ओल टिकावी म्हणून दोघींनी मिळून खोडाला प्लास्टिक गुंडाळलं, वर-खाली दोरी बांधली. लानहुआ वळून वळून बघत पायवाट उतरली. ती दिसेनाशी होईतो शियांगबाई झाडापाशी उभ्या राहून हात हलवत होत्या.

टेम्पोचा आवाज वळणापलीकडे विरला. शियांगबाईंनी दोरीच्या गाठी सोडल्या, प्लास्टिकची घडी घालून पिशवीत ठेवली. शिडी ओढत आणून झाडाला लावली, वर चढल्या आणि पहिल्या फांदीच्या खाली नवी चीर दिली. जगणाऱ्या झाडाची साल इतक्या वर कुणी काढत नाही.