पोटाखालचा आकडा

मला लबाडी कळते, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल, आणि मला आत्ता कुणाचं हसणं सहन होणार नाही.

शहराबाहेरच्या रस्त्यावर ट्रकचा वजनकाटा आहे, तिथे काचेच्या केबिनमध्ये मी बसते. ट्रक लोखंडी प्लेटवर येऊन थांबतो, समोरच्या पडद्यावर आकडे नाचतात, ते नाचायचे थांबले की मी पावती देते. एवढंच काम, पण त्यात लोक काय काय करतात! एक चाक हळूच प्लेटच्या बाहेर ठेवतात. रिकाम्या गाडीचं वजन वाढवून नंतर माल कमी दाखवायला धष्टपुष्ट मेव्हण्याला सीटमागे झोपवतात. एकाने तर मागे पाण्याची टाकी दडवली होती. मी केबिनमधून उतरते, गाडीभोवती एक चक्कर मारते, आणि मेव्हण्याला म्हणते, "या बाहेर, पाय दिसतोय." ड्रायव्हर मला काटाताई म्हणतात. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते जाऊ दे.

"ताई, दोनशे किलोचं काय घेऊन बसलात, सोडा ना," अशी रोज कुणी ना कुणी गयावया करतो. मी आजवर कुणाला सोडलेलं नाही.

आता माझ्या पोटाविषयी. जुळी झाली तेव्हा ते जे ताणलं गेलं ते परत आलंच नाही. पोटाचे स्नायू दोन बाजूंना सरकले, आणि कातडी रिकाम्या पिशवीसारखी खाली लोंबायला लागली. दिवसभर बसून तिच्याखाली घाम साचतो, पुरळ उठतं, कातडी सोलवटते. पाठ दुखते. पण खरं कारण सांगू का? मला ते आवडत नाही. बस्स. पाठ दुखते म्हटलं की लोक सहानुभूतीने माना डोलावतात, आणि आवडत नाही म्हटलं की "या वयात कशाला हे नखरे" असं तोंड करतात. अरे, पोट माझं आहे ना? तुमच्या अंगणात तर लोंबत नाही ना ते?

टमी टक, म्हणजे लोंबती कातडी कापून पोट शिवून घ्यायचं ऑपरेशन, करायचं ठरवून मी सर्जनबाईंकडे गेले, तेव्हा नवरा सोबत होता. बाईंनी नीट तपासलं आणि सरळ सांगितलं, "आहे या वजनावरही करता येईल, पण धोका थोडा जास्त. बारा किलो उतरवलेत, आणि मग सहा महिने वजन एका जागी ठेवलंत, तर काम चांगलं होईल. ऑपरेशननंतर उतरवलंत तर कातडी पुन्हा सैल पडेल. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

माझं मन म्हणत होतं, आत्ताच करून टाक, आधीच पुष्कळ वर्षं गेली. नवरा घरी येताना म्हणाला, "आधी वजनच उतरव. घाई कशाला करायची?"

नवऱ्याचं केस कापायचं दुकान आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं पोट हा गल्लीचा विषय झाला. ज्याच्या स्वतःच्या पोटामुळे खुर्ची करकरते तोसुद्धा मला सल्ला पाठवायला लागला. नणंद फोनवर म्हणाली, "वजन उतरलं की पोट आपोआप जाईल गं, कापाकापी कशाला?" मी म्हटलं, "वन्सं, गेलेलं पोट तुमच्याकडेच पाठवते, ठेवून घ्या." तिने आठवडाभर अबोला धरला, तो आठवडा मात्र बरा गेला.

पण बाईंचं म्हणणं मला पटलं होतं. दोनदा कापून घ्यायचं नव्हतं. बारा किलो, मग ऑपरेशन, असं मी ठरवलं. नवरा तर इतका खूश झाला की त्याच दिवशी वजनाचं यंत्र घेऊन आला. गोल तबकडीचं, पायाखाली आकडे असलेलं.

अडचण अशी की त्यावर मी उभी राहिले की आकडा माझ्या पोटाखाली जायचा. वाकून बघावं तर काटा हलणार. आणि काट्यावर हलायचं नसतं, हे मी जगाला ओरडून सांगणारी बाई. मग दर रविवारी सकाळी मी ताठ उभी राहायची आणि नवरा गुडघ्यांवर बसून आकडा वाचायचा. आता तुम्ही विचाराल, बाई, मोबाइल नव्हता का, फोटो काढायला? होता. नवराही होता.

पहिले काही महिने आकडा सरसर उतरला. चार किलो कमी, मग सहा, मग नऊ. मग नवाला जो अडकला तो अडकलाच. मी भाकरी सोडली, भात सोडला, केबिनमध्ये काकडी चघळत बसायला लागले. समोर ड्रायव्हर तेलकट पुड्या उघडून खायचे आणि मी काच लावून घ्यायची. एकदा पावती देता देता डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ज्याला मी आदल्याच दिवशी पकडलं होतं तोच ड्रायव्हर साखरेचं पाणी घेऊन धावत आला. "ताई, निम्म्या झालात तुम्ही, खा काहीतरी," म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले.

कपडे तर सैल होत होते. शिवणारीकडून दोनदा कमरेत आवळून आणले. नवऱ्याला म्हटलं, "अहो, कपडे ढगळ होतात आणि काटा हलत कसा नाही?" तो म्हणाला, "धुऊन धुऊन कापड ताणतं गं." मला यंत्राचा संशय आला. मग मी काय करावं? कामावरचं वीस किलोचं प्रमाण वजन घरी आणलं, यंत्रावर ठेवलं आणि खाली बसून स्वतः वाचलं. बरोबर वीस. यंत्र चोख होतं. म्हणजे खोट माझ्यातच, असं म्हणून मी संध्याकाळचं जेवणही अर्धं केलं.

रविवारी "अजून नऊच" ऐकलं की मला रडू फुटायचं. तो उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. "सोडून दे ना आता. आहेस तशी छान आहेस." मला वाटायचं, काय माझं नशीब, किती जीव आहे या माणसाचा. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. त्या खांद्याला आता कडकडून चावावंसं वाटतं.

शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच सर्जनबाईंकडे गेले. कशाला, तर तीन किलो सोडा म्हणून गयावया करायला. मी! वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती, आणि ती हुबेहूब माझ्या ड्रायव्हरांची होती. तीन किलोचं काय घेऊन बसलात, बाई.

तिथे नर्सने आधी वजनाला उभं केलं. त्यांचा काटा खांबाचा होता, आकडा थेट डोळ्यांसमोर. मी वाचला. मग म्हटलं, "सिस्टर, तुमचा काटा बिघडलाय."

"आज सकाळीच तपासलाय," ती म्हणाली.

मी उतरले, चपला काढल्या होत्या की नाही ते पाहिलं, पुन्हा चढले. तोच आकडा. पहिल्या भेटीच्या वजनापेक्षा तेरा किलो कमी.

सर्जनबाई आल्या, बघून खूश झाल्या. "वा! मेहनत घेतलीत. किती महिने झाले या वजनावर स्थिर आहात?"

मला सांगता येईना. लोकांच्या ट्रकचं वजन किलोपर्यंत सांगणारी मी, स्वतःचं वजन कधी कुठे होतं ते मला माहीत नव्हतं. ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी यंत्र तपासलं होतं. वाचणारा तपासलाच नव्हता.

तिथून दुकानापर्यंत मी कशी गेले ते मला आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती एवढं आठवतं. आत एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून मागे रेलून बसलं होतं, आणि नवरा वस्तरा घेऊन उभा.

"वस्तरा खाली ठेवा," मी म्हटलं. "मला ओरडायचंय, आणि त्या बिचाऱ्याचा गळा कापला जायला नको."

त्याने ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं मात्र, आणि त्याला कळलं. चेहराच उतरला.

"किती होते या रविवारी? खरे किती?"

"अगं, घरी बोलू या…"

"का? माझं पोट घरचं आहे होय? सगळ्या गल्लीला वाटलंत ना तुम्ही? मग आता गल्लीसमोरच सांगा. किती?"

"तेरा," तो म्हणाला. गिऱ्हाईक फेसासकट उठून बसलं.

"कधीपासून खोटं वाचताय?"

"नऊ झाले तेव्हा घाबरलोच मी. म्हटलं, ही खरंच पोचणार. पुढच्या रविवारी दहा झाले होते. तोंडातून नऊच आलं." त्याने गळ्यातल्या टॉवेलने कपाळ पुसलं. "इथे एकजण सांगत होता, त्याची वहिनी अशाच ऑपरेशनला गेली आणि टेबलावरून उठलीच नाही. मला झोप लागेना. वाटलं, कंटाळून सोडून देशील."

"भीती वाटत होती तर 'मला भीती वाटते' म्हणायचं! एवढं तोंड नाही उघडलं? दिवसभर इथे जगाच्या गप्पा हाणता ना?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं! पण पोटभर जेवले तरी असते. अहो, मी कामावर चक्कर येऊन पडायला आले होते, तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात? सोडून दे. मी उपाशी मरत होते आणि तुम्ही माझ्या पायाशी बसून, मान वर करून, खोटं बोलत होतात. दर रविवारी!"

तो रडायला लागला. मला जराही दया आली नाही. आली असती तर सांगितलं असतं.

"उद्या चला," मी म्हटलं. "सर्जनबाईंसमोर खरे आकडे सांगायचे. सगळे."

दुसऱ्या दिवशी तो दुकान बंद ठेवून आला. बाईंच्या टेबलासमोर हात मांडीवर ठेवून बसला आणि सांगायला लागला. एकाही आकड्यावर अडखळला नाही. मुलांची परीक्षा संपली त्या आठवड्यात बारा पूर्ण झाले. मग अर्धा किलो वर, अर्धा खाली. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तेरा, आणि तेव्हापासून तिथेच. सगळं पाठ होतं त्याला. माझ्या अंगाचा एवढा हिशेब डोक्यात घेऊन हा माणूस रोज माझ्या शेजारी झोपत होता.

बाईंनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे सहा महिने होऊन गेले. मग हरकत नाही. पुढच्या महिन्यातली तारीख देता येईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "की अजून उतरवायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "आता एक घाससुद्धा कमी खाणार नाही. वजन इथेच राहील. पण तारीख आत्ता नको."

"का?"

"न पाहिलेल्या गाडीची पावती मी देत नाही, बाई. हे महिने मी पाहिलेले नाहीत."

"मी शपथेवर सांगतो," नवरा म्हणाला. "मुलांची शपथ. अगं, आता कशाला खोटं बोलू? तारीख घे, मी स्वतः घेऊन येतो तुला."

शपथा मी रोज ऐकते. मेव्हणा सीटमागे असतानाही ड्रायव्हर आईची शपथ घेतो.

सर्जनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ते खरं बोलत असतील तर तुमचे आणखी सहा महिने फुकट जातील."

"खरंच बोलतायत," मी म्हटलं. "इतक्या महिन्यांत नाही कळलं, पण आज तोंड बघून कळतंय मला. पण पोट फाडून टेबलावर पडायचंय मला, आणि ते यांच्या शब्दावर पडायचं नाही. मी पुन्हा मोजते. दर सोमवारी इथे येईन. आजचा पहिला."

बोलताना माझा आवाज फाटला. सहा महिने म्हणजे पुन्हा एक उन्हाळा, पुन्हा तो घाम, तीच सोलवटलेली कातडी. हे मला कुणी सांगायला नको होतं. राग त्याचाच तर होता, की थांबायचं मलाच होतं.

नर्सने काट्याकडे हात केला. मी चपला काढल्या, वर चढले, ताठ उभी राहिले. नवरा मागून उठला आणि सवयीने माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसला. तिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"उठा," मी म्हटलं. "बाहेर जाऊन बसा."

तो दार ओढून बाहेर गेला. आकडे नाचायचे थांबले, आणि मी वाचलं.