ठेवायला दिलेली माणसे

मी एक जुना फ्रीझर आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, रवींद्र आणि लतिका यांच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारी माझी जागा आहे. मी पेटीसारखा आडवा आहे आणि माझे झाकण वर उघडते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवला, आत फोम भरला, कॉम्प्रेसर बसवला, पांढरा रंग दिला आणि मला दुकानात पाठवले. लतिकाने मला घरी आणले तेव्हा तिची मुलगी इशिता नुकती शाळेत जाऊ लागली होती. त्या काळी मी गच्च भरलेला असे. ओले खोबरे, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, मंडळाच्या गणपतीसाठी आधीच करून ठेवलेल्या पुरणपोळ्या. "हा आहे म्हणून माझं निभतं," असे लतिका पाहुण्यांना सांगे, आणि मी उगाच जरा मोठ्याने घुरघुरे.

पुढे इशिता मोठी झाली आणि ओहायोतल्या डब्लिनला नोकरीसाठी गेली. घरात दोघेच उरले. माझ्या तळाशी मटारची पाकिटे आणि कधीचा कोण जाणे, एक सारणाचा डबा एवढेच राहिले. झाकणावर रंगाचे डबे आणि जुने बूट साचले. मी चालू आहे की बंद, हेही कोणी पाहीना.

मित्रांनो, आता मी तुम्हाला फेला मावशींबद्दल सांगतो.

त्या समोरच्या घरात एकट्या राहतात. वय ऐंशीच्या जवळ. लतिका त्यांना मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण, हे कळल्यापासून त्यांनी तिला 'मिसेस' म्हणायला बंदी केली आहे. उन्हाळ्यात आमच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून त्या बसतात आणि बोलतात. त्यामुळे त्यांची हकिगत मला ठाऊक आहे.

त्यांची आई हिंदा पोलंडमधल्या एका लहान गावातली. ते ज्यू कुटुंब होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपातल्या ज्यू लोकांना घराबाहेर काढले, छावण्यांत डांबले आणि साठ लाख माणसांना मारले. हिंदाचे आईवडील गेले, भाऊ लेब गेला, धाकटी बहीण पेसिया गेली. हिंदा तेवढी जगली. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत फेला मावशींचा जन्म झाला. मग मायलेकी डेट्रॉइटला आल्या. तिथे हिंदाची एक आत्या आधीपासून राहत होती. युद्धापूर्वी गावाहून तिला पत्रे येत, फोटो येत. आत्याने ते सगळे एका खोक्यात जपले होते. तिने ते खोके हिंदाच्या मांडीवर ठेवले. घर राहिले नव्हते, माणसे राहिली नव्हती. हे चेहरे मात्र होते.

ते खोके फेला मावशींच्या तळघरात होते. अगदी खालच्या फळीवर.

मागच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. रस्त्याच्या त्या बाजूची वीज गेली. तळघरातले पाणी बाहेर टाकणारा पंप बंद पडला. मावशींचा फोन येताच लतिका आणि रवींद्र भिजत धावले. परत आले तेव्हा रवींद्रच्या हातात ते खोके होते आणि त्याच्या बुडातून पाणी गळत होते. मागून मावशी आल्या, गुडघ्यापर्यंत ओल्या.

आमच्याकडे दिवे चालू होते. गॅरेजमधल्या टेबलावर लतिकाने टॉवेल अंथरला. पत्रांचा लगदा होऊ लागला होता. फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या लहान लहान विटा झाल्या होत्या.

"हेअर ड्रायर आणू?" रवींद्रने विचारले.

मावशींनी ऐकलेच नाही. त्यांनी वरच्या फोटोचा कोपरा नखाने उचलला आणि ओढला. चर्र असा बारीक आवाज झाला. लेबमामाचा अर्धा चेहरा सुटून दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून गेला. मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी लगेच दुसरा कोपरा पकडला.

लतिकाने त्यांचे मनगट धरले. "मावशी, थांबा. हात लावू नका आता."

तिने इशिताला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. सगळे ऐकून इशिता म्हणाली, "आई, डोन्ट टच एनिथिंग! मी एका म्युझियमला कॉल करते. तिथे जुने कागद दुरुस्त करणारे लोक असतात."

थोड्या वेळाने तिचा फोन आला. आवाज घाईचा होता. "आई, त्या कन्झर्व्हेटर म्हणतात, ओढायचं नाही, गरम करायचं नाही. दोन दिवसांत बुरशी धरेल. गार पाण्याने चिखल धुवा, मध्ये वॅक्स पेपर घाला, पिशव्यांत भरा आणि फ्रीझ करा. मग त्या सावकाश सोडवतील. आपला गॅरेजमधला फ्रीझर चालतो ना अजून?"

रवींद्रने माझ्यावरचे बूट आणि डबे खाली ढकलले आणि झाकण उघडले. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

पण मावशी खोक्यासमोर उभ्या राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "माझ्या आईला नाझींनी बर्फातून चालवत नेलं. पायात चिंध्या होत्या. तिच्याशेजारी पेसिया पडली आणि तिथेच राहिली. मी तिला पुन्हा थंडीत ठेवणार नाही."

रवींद्र खाली बघू लागला. माझी थंड वाफ झाकणातून बाहेर येत होती. मित्रांनो, थंडी देणे एवढेच मला येते. त्या क्षणी मला माझ्या थंडीची लाज वाटली.

लतिका त्यांच्याजवळ गेली. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, तेव्हा त्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. आता आपण आहोत. आत तुम्हीच ठेवा. आणि बाहेर कधी काढायचं तेही तुम्हीच सांगा."

मावशी खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वॅक्स पेपरचा तुकडा मागितला.

एकेक पिशवी त्यांनी स्वतः माझ्यात ठेवली. ठेवताना त्या नाव घेत. "आई." "लेब." "आजोबा, दुकानासमोर." "पेसिया." पुरणपोळ्या ठेवताना कोणी नावे घेत नाही. मी जीव लावून गार होऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी घुरघुर एकाएकी थांबली. आमचीही वीज गेली होती.

भरलेला फ्रीझर बंद पडला तरी बराच वेळ गार राहतो. मी जवळजवळ रिकामा होतो, आणि बाहेर ऑगस्टचे ऊन होते. फोटोंवरचा बर्फ वितळला तर ते पुन्हा चिकटणार आणि बुरशी धरणार. रवींद्र बर्फाच्या पिशव्या आणायला चार दुकाने फिरून आला. बर्फ नव्हता. दुकानांतले जनरेटर तर आदल्या दिवशीच संपले होते. लतिकाने घरातल्या गोधड्या आणून मला गुंडाळले.

"जरा उघडून बघतो," रवींद्र म्हणाला. "आत काय झालंय ते तरी कळेल."

"उघडलंस तर गारवा जाईल," लतिका म्हणाली.

तरी त्याने गोधडीला हात घातला. तेव्हा फेला मावशी स्टुलावर चढल्या आणि सरळ माझ्या झाकणावर बसल्या. "आता उघड," त्या म्हणाल्या.

रवींद्र हसला, पण मावशी हसल्या नाहीत. त्या तिथून हलल्याही नाहीत.

दुपारी इशिताचा फोन आला. "मी निघालेय. इथल्या दुकानात एक जनरेटर मिळाला. ड्राइव्ह करतेय, टोलेडोजवळ खूप ट्रॅफिक आहे."

"ती पोचेपर्यंत टिकतील?" मावशींनी विचारले. उत्तर मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. माझ्या भिंतींवरचा बर्फ ओला झाला होता. एक थेंब ओघळला आणि पेसियाच्या पिशवीवर पडला. मग दुसरा.

ऊन कलले तेव्हा इशिताची गाडी अंगणात शिरली. जनरेटर बाहेर उतरवला, लांब वायर आत ओढली. दोरी खेचताच तो धडधडला. रवींद्रने माझा प्लग लावला. माझ्या पाठीत टक् असा आवाज झाला आणि मी गप्प बसलो. त्याने प्लग काढून थोडे थांबून पुन्हा लावला. पुन्हा टक्, पुन्हा गप्प.

"कम ऑन, यार!" इशिताने माझ्या अंगावर हात ठेवला.

मी म्हातारा झालो होतो, मित्रांनो. पण वरती मावशी बसल्या होत्या आणि आत त्यांची माणसे होती. पुढच्या वेळी माझा कॉम्प्रेसर अडखळला, थरथरला आणि लागला. माझी घुरघुर अंगाखाली जाणवताच मावशींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

वीज आल्यावर त्या कन्झर्व्हेटर बाई बर्फाच्या पेट्या घेऊन आल्या आणि सगळे घेऊन गेल्या. पूर्ण हिवाळा गेला. काही पत्रांची शाई वाहून गेली, ती परत आली नाही. लेबमामाचा चेहरा अर्धाच राहिला. पण बाकीचे फोटो एकेक करून सुटले. आता ते म्युझियममध्ये, नीट जपून ठेवले आहेत. त्यांच्या प्रती मावशींकडे आल्या.

परवा मावशी आणि इशिता गॅरेजच्या दारात बसून प्रतींच्या मागे नावे लिहीत होत्या. त्यातला एक फोटो खोके भिजण्याच्या पूर्वीपासूनच दुसऱ्याच्या मागे चिकटलेला होता, तो म्युझियममध्ये सुटला. तोवर तो कोणी पाहिलाच नव्हता. त्यात लहानगी हिंदा होती, आणि तिचा हात धरून आणखी एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, एक मोजा घसरलेला, ओठांवर दाबलेले हसू.

"ही कोण, आजी?" इशिताने मावशींना विचारले.

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "माहीत नाही. आईला ठाऊक असणार. पण आई असताना मी ते खोके फार उघडलंच नाही. तिला रडू येईल म्हणून."

"मग काय लिहू?"

मावशींनी फोटोतल्या त्या दोन हातांवर बोट ठेवले. "लिही, हिंदाचा हात धरलेली मुलगी."

मित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे खोके असेल. ते तळघरात किंवा जमिनीवर ठेवू नका. कोरड्या, उंच जागी ठेवा. पण त्याआधी ते उघडा, आणि ज्यांना ते चेहरे ओळखू येतात त्यांच्याशेजारी जाऊन बसा. ते रडले तरी बसा. त्या मुलीचा चेहरा मी वाचवू शकलो. तिचे नाव वाचवणे माझ्यासारख्या फ्रीझरच्या हातात नव्हते.