बारशाचा वरवंटा

आमच्या नात्यात कुणाला मूल झालं की बाळंतविडा मी नेते, कारण बाकीचे चांदीचे वाळे आणि खुळखुळा देऊन मोकळे होतात. चांदीच्या वाळ्याने शी पुसता येत नाही. मी सुती लंगोट नेते, धुऊन मऊ केलेली दुपटी नेते, मेणकापड नेते. लोक मला रुक्ष म्हणतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा मलाच विचारायला येतात.

मैना माझ्या भावाची मुलगी. तिचं पहिलं मूल जन्मलं तेच गेलेलं होतं. त्यामुळे दुसरा मुलगा झाला तेव्हा आम्ही सगळे जरा दबूनच वागत होतो. तिचा नवरा हिंदुराव मार्केट यार्डात कांद्याचा व्यापारी, आणि यार्डामागेच त्यांचा नवाकोरा फ्लॅट. बारशाच्या आधी मी मैनाला विचारलं, "वरवंटा आहे ना घरात?"

"आत्या, आमच्याकडे मिक्सर आहे."

"मग मिक्सरला कुंची घालणार आहेस का?"

बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालतात, काजळाचं बोट लावतात, पाळण्याच्या वरून-खालून त्याला फिरवून पाळण्यात ठेवतात. मग बाळ. म्हणून मी जुन्या बाजारात गेले आणि एक काळा, गुळगुळीत वरवंटा घेतला. सोबतचा पाटा विकणारा देत होता, पण मी घेतला नाही. वाटण तर मिक्सरवरच व्हायचं होतं, मग पाट्याचं ओझं कशाला उचलायचं? कामापुरतं घ्यावं, हा माझा नियम.

बारसं छान झालं. मुलाचं नाव आजोबांवरून सोनबा ठेवलं. फक्त मैनाने एक गंमत केली. सोनबाच्या कानात नाव पडण्याआधी ती वरवंट्यावर वाकली आणि त्याच्याही कानात काहीतरी बोलली. दगडाचा कान कुठे असतो ते तिलाच ठाऊक. बायका हसल्या, मीही हसले.

पुढे मी भेटायला गेले ती दुपारची वेळ होती. मैनाच्या सासूबाई, मथुराबाई, नातवाच्या कौतुकात होत्या. "लई गुणाचं हाय पोरगं. रडतच न्हाई." मी सोनबाला उचलायला गेले आणि माझे हात खालीच राहिले. एवढंसं पोर इतकं जड? तळवे थंडगार होते. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते.

"दूध पितो का?"

"फार नाही," मैना म्हणाली. "डॉक्टर म्हणतात वजन वाढतंय, काळजी नको."

दूध न पिता वजन कसं वाढेल? मी पाळण्यात वाकून पाहिलं. पायथ्याला वरवंटा अजून कुंची घालून निजवलेला होता. एवढे दिवस हा इथे काय करतोय म्हणून मी तो उचलला, तर तो हलका लागला. आणि उबदार. त्याच्याखालचं दुपटं ओलं होतं. मी लगेच सोनबाचा लंगोट चाचपला. तो कोरडा होता. कुंचीला दुधाचा वास येत होता. मी भित्री बाई नाही, पण तो दगड हातात धरवेना; मी तो खाली ठेवायला वाकले.

"त्याला खाली ठेवू नका आत्या," मैना हळूच म्हणाली. "तो रडतो."

"मैना, तू याच्या कानात काय सांगितलंस?"

"पहिल्याचं ठरवलेलं नाव."

मला आईचं घर आठवलं. बारसं उरकलं की आई वरवंट्याची कुंची काढायची, काजळ धुवायची आणि त्याच दिवशी त्याच्यानेच चटणी वाटायची. दगडाला दगडाच्या कामावर परत लावायचं असतं. मी मोठ्या शहाणपणाने पाटाच आणला नव्हता. याला परत जायला जागाच नव्हती.

शेजारच्या सुरय्याकडे पाटा होता, ती रोज मसाला वाटायची. मी वरवंटा घेऊन दाराशी गेले तर मैना आडवी आली. मी तिला हात धरून पाळण्यापाशी नेलं आणि सोनबाचा तळवा तिच्या गालाला लावला.

"एकच राहील. बोल."

मग तिने स्वतःच्या हाताने कुंचीचे बंद सोडले, कुंची घडी करून छातीशी धरली, आणि माझ्या मागोमाग सुरय्याच्या स्वयंपाकघरात आली. मी पाट्यापुढे बसले. सुरय्याने काही न विचारता भिजवलेल्या लाल मिरच्या पुढे केल्या.

"मिरची नको," मैना म्हणाली. "त्याला झोंबेल."

सुरय्याने ओलं खोबरं दिलं. मी लग्न केलं नाही. दुसऱ्यांची मुलं मी फक्त बाळंतविड्यापुरती पाहिली. त्या दुपारी हाताखाली ती ऊब घेऊन मी पहिला हात ओढला, तेव्हा दगडाच्या आत काहीतरी आखडलं. मला थांबावंसं वाटलं, फार वाटलं. मी रडत होते आणि वाटत होते. हळूहळू दगड जड होत गेला. खोबऱ्याचा पार लगदा झाला तरी मी थांबले नाही, आणि मग भिंतीपलीकडून सोनबाचं रडणं आलं, घसा फोडून, भुकेलं. मथुराबाई मैनाला हाका मारू लागल्या.

माझ्या हाताखालचा दगड आता गार होता. मैनाचा पदर दुधाने भिजला होता, तरी ती हलली नाही. ती पाट्याकडे बघत होती.

"झोपला का तो?"

"झोपला," मी म्हटलं. "जा, दुसऱ्याला पाज."