मुंजाबाच्या आतड्यातली माझी चाकरी

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे हं. पिशोरच्या माळावर मेंढ्या घेऊन उतरलेल्या मुंजाबाच्या आतड्यातल्या एका पेशीभोवतीचा. दिसायला मी काहीच नाही. पण आत काय घ्यायचं नि काय नाही, हे बहुतेक मीच ठरवतो.

प्राणवायूला मी अडवत नाही. तो जिकडे कमी, तिकडे आपला आपण जातो. पाणीही तसंच, मीठ जिकडे जास्त तिकडे ओढलं जातं. या दोघांसाठी मला खर्च नाही. मीठ मात्र आत साचू देऊन चालत नाही. ते मागच्या बाजूला, रक्ताकडे ढकलावं लागतं आणि तिकडे तर ते आधीच भरपूर! त्यासाठी माझे पंप सतत इंधन जाळतात.

परवा मुंजाबाला जुलाब लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, लघवी बंद झाली. त्याची बायको सरूबाई घाबरली. मलूल मेंढी मीठ चाटून पाण्यावर येते, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. तिनं मेंढ्यांसाठीच्या पिशवीतलं मूठभर खडेमीठ तांब्याभर पाण्यात विरघळवलं.

"घ्या, प्या. मेंढरं कशी उठून उभी राहतेत मिठानं!"

दोन घोटांतच मी कासावीस झालो. आतड्यात एवढं मीठ आल्यावर पाणी माझ्यातून उलटं बाहेर निघालं. त्याला रोखणं माझ्या हातात नव्हतं, हे सांगताना लाज वाटते. मुंजाबा आणखीच सुकला.

तेवढ्यात गावातल्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा सेविका वच्छलाबाई आल्या. त्यांनी तांब्यातला थेंब जिभेवर ठेवला.

"अगं सरू, हे पाजलंस व्हय? माणूस जाईल की!"

"मग पाणीच बंद करू का?"

"नाय गं! पाणी लई पाजायचं, पण मापात. तासाभरात उतार नाय पडला तर दवाखान्यात नेऊ."

त्यांनी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं. चाखून पाहिलं. अश्रूंहून खारट नको, म्हणाल्या.

आता माझी पाळी होती. माझ्यात एक दार आहे, तिथून साखर नि मीठ जोडीनंच आत येतात. पंपांनी आतलं मीठ कमी ठेवलेलं असतं, म्हणून बाहेरचं मीठ आत धावतं आणि साखरेलाही सोबत आणतं. पंपांनी ते मीठ लगेच रक्ताकडे ढकललं. पाणी आलंच मागोमाग! जुलाब चालूच होते, तरी घोटाघोटानं पाणी रक्तात पोहोचू लागलं.

तास भरत आला तसा मुंजाबा काठी टेकून उठला.

"सरू, लघवीला जाऊन येतो."

एवढ्यावर सरूबाई तोंडाला पदर लावून रडली. मीही अभिमानानं फुगलो असतो, पण पडद्यानं फार फुगलेलं बरं नसतं.

आमचं आयुष्य चार-पाच दिवसांचं. माझं भरलं, उद्या मी गळून पडेन, मुंजाबाला कळणारही नाही. त्याचं दुःख नाही. दुःख एवढंच, की जुलाब लागले की अजूनही कुणीतरी आजाऱ्याच्या तोंडचं पाणी तोडतं. असं करू नका हो. आम्ही आत कामाला उभे असतो. मापात मीठ-साखर घालून पाणी तेवढं पाठवा, पोहोचवायचं आम्ही बघतो.