व्हायोलिनची वायर

सासऱ्यांनी व्हायोलिनच्या माइकच्या वायरीचं टोक चिमट्यात धरलं, त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान वाकडी केली. सून शेजारच्या स्टुलावर बसून कॉलर माइकच्या केसाएवढ्या वायरी सोलत होती. नाट्यगृहात नव्या बिनतारी डब्या आल्या होत्या, नटांच्या नि वादकांच्या कमरेला लावायच्या. डब्या झकास होत्या, पण जुन्या माइकांची एकही पिन त्यांत बसायला तयार नव्हती. म्हणजे एकूण एक पिन कापायची नि नवी जोडायची, आणि प्रयोग तर आजच होता.

"नाव बिनतारी," सासरे म्हणाले, "आणि तारा जोडता जोडता आपला जीव जातोय."

ती हसली. हल्ली ती त्यांच्या विनोदांना जरा जास्तच हसायची. मध्यंतरी नातीला ताप आला तेव्हा थर्मामीटर केव्हाचा पीप-पीप ओरडत होता आणि हे आपले तो तिच्या काखेत धरून, "अजून झालं नाही वाटतं," म्हणत बसले होते. तेव्हाच सुनेला कळून चुकलं होतं. बोलणंचालणं त्यांना नीट ऐकू यायचं, पण बारीक आवाज पार गेले होते. आणि वायरीतला दोष तर पुष्कळदा बारीकच वाजतो.

गंमत म्हणजे त्यांचा निकाल कधी चुकत नव्हता. वायर जोडली की आधी स्वतः ऐकायची, मग हेडफोन सुनेच्या कानावर चढवायचा, आणि मग 'साफ' किंवा 'खराब' ठणकावून सांगायचं, ही त्यांची जुनी रीत. इतक्या वर्षांचा हात आहे, हातालाच कळत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, नवऱ्याजवळसुद्धा नाही. मुलगा या कामाकडे ढुंकून बघेना, तेव्हा ह्यांनी तिला हाताला धरून सगळं शिकवलं, आणि वर "मुलगा निसटला, पण सून सापडली," म्हणून चारचौघांत मिरवलं. अशा माणसाला तुमचे कान गेले म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? शिवाय मॅनेजरांचा स्वभाव तिला माहीत होता. गेल्याच महिन्यात दिव्यांच्या माणसाची नजर अधू झाली, तर त्याला गोड बोलून घरी बसवलं होतं. सासरे घरी बसले असते तर महिन्याभरात खंगले असते.

सासऱ्यांनी पिन डबीत खोचली, तेवढ्यात मॅनेजर दारात येऊन उभे राहिले.

"काका, झाली का व्हायोलिनची? ते लोक खोळंबलेत."

"झालीच." सासऱ्यांनी हेडफोन लावून ऐकलं. तोंडावर काही नाही. मग तो सुनेकडे दिला. "ऐक गं."

तिनं ऐकलं. आवाजाच्या मागे सुईसारखी बारीक शिट्टी वाजत होती, आणि ती ह्यांना ऐकू आलेली नव्हती. आता आपण तोंड वाकडं केलं की मॅनेजरांना कळलंच. ते पाठ वळवतील तेव्हा गुपचूप पुन्हा जोडू, असं ठरवून तिनं तोंडावरची रेघ हलू दिली नाही.

"साफ," सासरे म्हणाले.

पण मॅनेजर डबी आणि वायर उचलून चालतेही झाले. ती स्टुलावरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. धावत जाऊन सांगणार तरी काय होती? आणि तेही ह्यांच्यादेखत?

थोड्याच वेळात रंगमंचाच्या बाजूनं, बोळातून, ती शिट्टी आली. आता ती स्पीकरमधून येत होती, कानठळ्या बसवणारी. तिनं हातातलं काम टाकून बोळाकडे पाहिलं. सासरे मात्र पुढच्या पिनेवर वाकून शांतपणे काम करत होते. ते बघून तिला गलबलून आलं.

मॅनेजर आले आणि त्यांनी वायर टेबलावर टाकली.

"कुणी जोडली ही?"

"मी," ती म्हणाली.

मॅनेजरांनी सुस्कारा सोडला. "वाटलंच. काका, सुनेला सांभाळून घेताय, कळतं हो मला. पण ताई, उद्यापासून तुम्ही या टेबलावर नको. काका एकटे पुरेत. तुमच्यापायी त्यांचं नाव जायला नको."

सासऱ्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं.

"खोटं बोलतेय ती. जोडली मी. आणि एकटा मी नाही पुरणार, साहेब. मला बारीक ऐकूच येत नाही. मी हेडफोन हिला देतो आणि हिच्या तोंडाकडे बघतो. आठी पडली की वायर खराब. आज आठी पडली नाही, म्हणून साफ म्हणालो."

कुणी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. इतके दिवस आपण ह्यांना सांभाळतोय असं ती समजत होती. हे तर तिच्याच कानांनी ऐकत होते, आणि नेमका आज तिनं त्यांच्यावर दरवाजा लावून घेतला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"बाबा, मला आली होती शिट्टी. मी मुद्दामच..."

"कळलं ते. तू 'मी' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं."

आतून कुणीतरी व्हायोलिनसाठी हाका मारत होतं. मॅनेजरांनी वायर उचलली, पण ती दोघांपैकी कुणाला द्यावी हे त्यांना कळेना. शेवटी ती त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवली.

सासऱ्यांनी ती तिच्या पुढ्यात सरकवली आणि खुर्चीवरून उठले.

"बस इथं. वायर मी धरतो. आणि साफ की खराब, ते आता तू सांगायचं. तोंडानं."